चार-पाच शत्रू एकदम अंगावर आले की वॉरियर टँकने काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये तुमचा प्रोटेक्शन वॉरियर (शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा टँक) नुकताच 60 व्या लेव्हलला पोचलाय. एकटा बॉस तुम्ही नीट धरता. पण स्ट्रॅथोम या डंजनमध्ये चार-पाच जणांचा पॅक आला की दोन तुमच्याकडे राहतात, उरलेले हीलरकडे नाहीतर मेजकडे (जादूगाराकडे) पळतात.

आधी हिशेब सांगतो, कारण तो कळला की कोणतं बटण कधी दाबायचं हे बऱ्याच अंशी आपोआप ठरतं. कोणाला मारायचं हे शत्रू ज्या आकड्यावरून ठरवतो तो थ्रेट, आणि प्रत्येक शत्रू स्वतःची वेगळी थ्रेटची यादी ठेवतो. एक डॅमेज म्हणजे एक थ्रेट. हीलिंगचा थ्रेट त्याच्या निम्मा, आणि तो लढाईत असलेल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. वाया गेलेलं हीलिंग मोजलं जात नाही. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये (वॉरियरच्या तीन पवित्र्यांपैकी बचावाच्या) तुमचा थ्रेट 1.3 पट होतो. डिफायन्स टॅलेंटचे पाचही पॉइंट घेतले असतील तर त्यावर आणखी 15 टक्के, म्हणजे एकूण जवळजवळ दीडपट. बॅटल आणि बर्सर्कर स्टान्समध्ये मात्र तो 0.8 पटच राहतो. शत्रू तुमच्यावरून दुसऱ्याकडे वळायला त्या माणसाला तुमच्या थ्रेटच्या 110 टक्के लागतात, तो लांब उभा असेल तर 130 टक्के.

आता आकडे घालून बघू. शेवटच्या रँकचा सन्डर आर्मर (शत्रूचं चिलखत कमी करणारा वार) मूळ 260 च्या आसपास थ्रेट देतो, दीडपट धरला की साधारण 390. समोर पाच शत्रू आहेत आणि प्रत्येकावर तुम्ही फक्त एकेक सन्डर टाकलात असं धरा. हीलरने 1000 चं हीलिंग केलं तर त्याचे 500 थ्रेट पाचांत वाटले जातात, म्हणजे एकेकावर 100. तुमच्या 390 ची बरोबरी करायलाच त्याला 3900 चं हीलिंग लागेल, आणि तो लांब असेल तर शत्रू प्रत्यक्षात वळेपर्यंत 5000 च्या वर. पाच जणांच्या डंजनमध्ये तेवढ्या अवधीत निदान एक शत्रू तरी मेलेला असतो.

हेच डेमोरलायझिंग शाउटला (जवळच्या सगळ्या शत्रूंना एकदम लागणाऱ्या आरोळीला) लावून बघा. त्याचा थ्रेट एका शत्रूमागे मूळ चाळीसच्या थोडा वर, दीडपट करून साठ-पासष्ट. पाच शत्रू असतील तर साडेसहाशेच्या हीलिंगने बरोबरी होते, साडेआठशेच्या आसपास शत्रू वळतो. म्हणजे एक मोठा हील पुरतो! बरेच नवे टँक शाउट मारून बाकी सगळं कवटीची खूण लावलेल्या एकाच शत्रूवर ओततात आणि तिथेच फसतात. शाउट फक्त पहिल्या दोन-तीन सेकंदांची उसनवारी आहे, ती सन्डरने लगेच फेडायची.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की सगळ्यांना सारखं धरायचा प्रयत्न सोडा. ज्याला सगळे मारतायत त्याच्यावर भरपूर थ्रेट हवा. ज्याला कोणीच मारत नाही त्याला हीलरपासून रोखण्यापुरता पुरे, आणि त्याला एक सन्डर बहुतेक वेळा पुरतो. हे जमायला पार्टीला कोणाला मारायचं ते ठाऊक पाहिजे. पुल करण्याआधी (शत्रूंना आपल्याकडे ओढण्याआधी) पहिल्या शत्रूवर कवटीची, दुसऱ्यावर फुलीची खूण लावा. दर वेळी. त्यात दहा सेकंद गेले तरी चालतील.

पुलची सुरुवात धनुष्याने किंवा बंदुकीने करा आणि लगेच भिंतीच्या किंवा दाराच्या आड जा. तुम्ही दिसेनासे झालात की लांबून मंत्र टाकणारे आणि बाण मारणारेही चालत तुमच्यापर्यंत येतात आणि सगळा घोळका एका जागी गोळा होतो. उघड्यावर उभं राहून पुल केलात तर दोन मंत्रवाले तीस यार्डांवर थांबतील. त्यांच्यापर्यंत तुमचा डेमोरलायझिंग शाउट पोचत नाही, त्याची मर्यादा 10 यार्ड आहे. एक लक्षात असू द्या: तुमचा बाण ज्याला लागला त्याच्या यादीत तुमचा थ्रेट आहे, बाकीचे नुसते त्याच्याबरोबर आलेत आणि त्यांच्या यादीत तुम्ही जवळजवळ शून्यावर आहात. त्या क्षणी प्रीस्टने आधीच लावून ठेवलेल्या रिन्यूचा (थोडं थोडं हीलिंग करत राहणाऱ्या मंत्राचा) एक ठोका पडला तरी ते त्याच्याकडे धावतात. पुलच्या आधी रिन्यू नको, हे प्रीस्टला स्पष्ट सांगा. शील्डही नको. शील्डने शोषलेल्या माराचा तुम्हाला रेज (वार करायला लागणारी, मार खाऊन साठणारी शक्ती) मिळत नाही, आणि सुरुवातीला रेजचीच सगळ्यात जास्त चणचण असते.

रेजसाठी बाण सोडण्याच्या जरा आधी ब्लडरेज दाबा. 10 लगेच मिळतात, आणखी 10 पुढच्या दहा सेकंदांत. घोळका भिंतीशी पोचेपर्यंत पंधराच्या आसपास हाताशी असतात. चार्जने (शत्रूवर झेप घेऊन) सुरुवात करायची असेल तर ब्लडरेज त्यानंतर, कारण ब्लडरेज दाबताच तुम्ही लढाईत गणले जाता आणि चार्ज चालत नाही. शिवाय चार्ज बॅटल स्टान्समध्ये आहे. डिफेन्सिव्हमध्ये परत येताना टॅक्टिकल मास्टरीच्या एका पॉइंटमागे फक्त 5 रेज टिकतो, टॅलेंट नसेल तर सगळा जातो.

शत्रू पोचले की क्रम असा: डेमोरलायझिंग शाउट, कवटीवर एक सन्डर, मग टॅबने एकेकावर जात प्रत्येकाला एक सन्डर, आणि परत कवटी. एक बटण दाबल्यावर पुढचं दीड सेकंदाने चालतं, म्हणून चार शत्रूंसाठी हे दीड-दीड सेकंदांचे पाच ठोके, साडेसात सेकंद आणि 70 रेज. ब्लडरेजचे वीस सोडले तर उरलेला रेज चार जणांचा मार खाताना मिळतो. मध्ये रिव्हेंज पेटला (तुम्ही वार अडवला किंवा चुकवला की हा उलटवार वापरता येतो) की तो सगळं बाजूला ठेवून आधी मारा. 5 रेजमध्ये मूळ तीनशेच्या वर थ्रेट देणारं दुसरं काहीच तुमच्याकडे नाही, आणि चार जण मारत असताना ब्लॉक, डॉज किंवा पॅरी सारखं होतच राहतं. त्याचा कूलडाऊन (परत वापरता येईपर्यंतचा वेळ) 5 सेकंद आहे, म्हणून प्रत्येक रिव्हेंज ज्याच्यावर थ्रेट सगळ्यात कमी वाटतो त्याला द्या. शील्ड ब्लॉककडेही मी घोळक्यात रिव्हेंज पेटवायची काडी म्हणूनच बघतो. टॅलेंट नसेल तर तो एकच वार अडवतो, चार जण मारत असताना तो लगेच खर्च होतो.

टॅब कधीकधी भलत्याच शत्रूवर उडी मारतो. व्ही दाबून डोक्यावरच्या नावाच्या पट्ट्या चालू ठेवा आणि माउसने थेट पट्टीवर क्लिक करायची सवय लावा. कोणावर सन्डर आहे आणि कोणावर नाही हेही त्यामुळे पटकन कळतं. मारणाऱ्यांना सांगायचा नियमही सोपा आहे: कवटीच्या चित्राखाली सन्डरचा आकडा 2 दिसेपर्यंत थांबा.

थंडर क्लॅप (जवळच्या शत्रूंना एकदम लागणारा वार) क्लासिकमध्ये फक्त बॅटल स्टान्समध्ये चालतो, म्हणून लोक तो विसरतात. शेवटच्या रँकला 103 डॅमेज, थ्रेट त्याच्या अडीचपट, स्टान्समुळे 0.8 पट. तरीही चार शत्रूंवर दोनशेच्या आसपास थ्रेट एका झटक्यात, फक्त 20 रेजमध्ये. टॅक्टिकल मास्टरीचे पाचही पॉइंट असतील तर सुरुवात बॅटलमध्ये करून, क्लॅप मारून मग डिफेन्सिव्हमध्ये जाणं फार फायद्याचं पडतं. त्याची मर्यादा चार शत्रूंची, पाचवा सुटतो. आणि शेजारी मेजने मंत्राने मेंढी केलेला शत्रू असेल तर क्लॅपही नको, क्लीव्हही नको, दोन्हींनी ती जागी होते. डेमोरलायझिंग शाउटला डॅमेज नाही, तो बिनधास्त मारा. (स्ट्रॅथोमच्या अनडेड बाजूला मेंढीचा उपयोग नाहीच, तिथे प्रीस्टचं शॅकल (अनडेडला जखडणारा मंत्र) लागतं. स्कार्लेट बाजूची माणसं मेंढी होतात.)

मेजचा आर्केन एक्सप्लोजन (त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना लागणारा स्फोट) हा वेगळाच विषय. एका वेळेला प्रत्येक शत्रूवर अडीचशेच्या आसपास डॅमेज, आणि मेज शत्रूंच्या अंगाला भिडलेला असतो म्हणून त्याला 130 ऐवजी 110 टक्क्यांचा नियम लागतो. तुमच्या एका सन्डरचे 390, त्याचे 110 टक्के म्हणजे 430. मेजच्या दुसऱ्याच स्फोटाला घोळका त्याचा झाला. त्याला चार सेकंद थांबायला सांगूनही हे सुटत नाही, कारण तेवढ्यात तुम्ही प्रत्येकावर दोन सन्डर टाकू शकत नाही. एकतर दोन-तीन शत्रू मरेपर्यंत त्याने एकेकालाच मारावं, किंवा तुम्ही इंजिनिअरिंग शिका. गॉब्लिन सॅपर चार्ज 10 यार्डांतल्या सगळ्यांना 450 ते 750 डॅमेज देतो. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये ते प्रत्येकावर सरासरी 900 थ्रेट होतात, म्हणजे दोन सन्डरहून जास्त. तुम्हालाही 375 ते 625 लागतो, तेवढं हीलरला आधी सांगा. त्याचा कूलडाऊन 5 मिनिटांचा आहे, म्हणून अवघड पॅकसाठी राखून ठेवा.

टॉन्ट (शत्रूला स्वतःकडे वळवणारं बटण) सुरुवातीला कधीच वापरू नका. शत्रू तुमच्याकडेच बघत असेल तर तो वाया जातो आणि पुढचे 10 सेकंद हाताशी नसतो. शत्रू सुटला की टॉन्ट करा. तुमचा थ्रेट यादीतल्या सगळ्यात वरच्याइतका होतो आणि तो तीन सेकंद तुम्हालाच मारतो. त्या तीन सेकंदांत त्याच्यावर सन्डर पडलाच पाहिजे, नाहीतर हीलरचा पुढचा हील त्याला परत घेऊन जातो. दोघे-तिघे एकदम सुटले तर चॅलेंजिंग शाउट आहे: सहा सेकंद सगळे तुमच्याकडे, पण तो थ्रेट वाढवत नाही आणि दहा मिनिटांतून एकदाच मिळतो. सहा सेकंदांत तुम्हाला चार ठोके मिळतात, ते चार वेगवेगळ्या शत्रूंवर टाका.

हीलरसाठी एकच सूचना, पण ती जीव वाचवते: शत्रू मागे लागला की तुमच्याकडे पळायचं. तो लांब पळाला तर टॉन्टची पाच यार्डांची मर्यादा कधीच गाठता येत नाही.

पाठ भिंतीला लावून उभे राहा. मागून येणारा वार ना डॉज होतो, ना पॅरी, ना ब्लॉक, म्हणजे रिव्हेंजही पेटत नाही. जागा बदलायची तर मागे मागे सरकू नका, तो वेग फार कमी असतो. बाजूने सरका.

एवढं सगळं बरोबर करूनही एखादा शत्रू मेजलाच मारताना दिसला तर फ्रॉस्ट नोव्हा पडलाय का बघा. पाय जखडलेला शत्रू थ्रेट बघत नाही, हाताच्या अंतरात जो सगळ्यात जवळ असेल त्याला मारतो. तिथे सन्डरवर रेज घालवू नका, मेजने चार पावलं मागे गेलं की पुरे. तसंच हंटरच्या प्राण्याचा ग्राउल आणि वॉरलॉकच्या व्हॉइडवॉकरचा टॉर्मेंट चालू राहिलाय का (दोन्ही शत्रूला तुमच्याकडून ओढून घेतात) तेही डंजनच्या दारातच विचारून घ्या.