शंट असलेल्या मुलाचं प्रेशर बाहेरून मोजता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चार महिन्यांचा असताना डोक्यात पाणी झालं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी नळी, बसवला. पाचव्या वर्षी नळी तुंबली, पुन्हा ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्याचं डोकं दुखलं की माझ्या पोटात गोळा येतो. बार्शीहून सोलापूर गाठायचं, सीटी स्कॅन करायचा, ‘नळी चालू आहे’ ऐकून परत यायचं. दोन वर्षांत सहा स्कॅन झाले. एवढे किरण लेकराच्या डोक्याला चालतात का? डोक्याला पट्टी बांधून मेंदूचं प्रेशर बाहेरून मोजणारं मशीन निघालंय म्हणे. मिळत असेल तर उसनवारी करून घेऊ.
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, उसनवारी करू नका, हे आधी सांगते. बाहेरून अंदाज घेण्याची साधनं खरी आहेत, त्यांतलं एक मी ओपीडीत रोज वापरते. पण घरी ठेवावं आणि त्याच्या भरवशावर आईनं दवाखाना टाळावा, असं एकही साधन आज नाही.

तुमचा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा हे प्रेशर तुमच्या बोटांना कळत होतं. प्रेशर वाढलं की टाळूला तेल लावताना ती फुगलेली, ताणलेली लागते, बाळ शांत बसलेलं असतानाही. आपल्या आज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखलंय. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरून येते आणि ती खिडकी बंद होते. पुढे कवटी म्हणजे बंद डबा. त्यात मेंदू, रक्त आणि पाणी तिघं राहतात, एकानं पाय पसरले की बाकीच्यांनी आवरून घ्यायचं. एडिंबरातल्या अलेक्झांडर मन्रो आणि जॉर्ज केली यांनी १७८३ आणि १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आम्ही अजून शिकवतो. मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि मणक्यात मिळून हे पाणी जेमतेम १५० मिली असतं, पण रोज सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. तुमच्या मुलात त्याची वाट अडलेली, म्हणून नळी ते पोटात नेऊन सोडते. नळी तुंबली की पाणी तयार व्हायचं थांबत नाही, आणि घाई करावी लागते ती यामुळेच.

नेमका आकडा सतत बघायचा असेल तर आजही कवटीला बारीक भोक पाडून आत नळी किंवा सेन्सर घालावा लागतो. आयसीयूतल्या पेशंटसाठी ते ठीक, शाळेतून डोकं धरून आलेल्या मुलासाठी नाही.

तुम्ही ऐकलेली पट्टी बहुधा ब्राझीलची. सर्जिओ मस्करेन्यास हे तिथले भौतिकशास्त्रज्ञ. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांच्याच डोक्यात पाणी झालं, शंट बसला. प्रेशर बघायला दर वेळी भोक का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. कवटी अजिबात हलत नाही हे त्यांनी मान्य केलं नाही. धातूवरचा ताण मोजायला इंजिनिअर जसला सेन्सर वापरतात, तसला त्यांनी कवटीवर लावून पाहिला, आणि प्रत्येक ठोक्याला ती अगदी किंचित हलते हे दाखवून दिलं. त्या हालचालीतून पट्टी एक लाट काढते. लाटेला तीन शिखरं असतात. एरवी पहिलं सर्वांत उंच, पण मेंदूला सरकायला जागा उरली नाही की दुसरं वर चढतं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. तरीही ही पट्टी लाटेचा आकार सांगते, प्रेशरचा आकडा सांगत नाही, आणि ती लाट वाचायला जाणकार डोळा लागतो.

तुमच्या उपयोगाचं साधन सोलापुरातच मिळेल : डोळ्याची सोनोग्राफी. डोळ्याच्या नसेभोवती मेंदूचीच आवरणं येतात, त्यांत मेंदूचंच पाणी असतं. आत प्रेशर वाढलं की हे वेष्टण फुगतं. मुलाला झोपवायचं, मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल, त्यावर प्रोब अलगद टेकवायचा, दाबायचा नाही. पडद्यावर बुबुळामागचा काळा गोल दिसतो आणि त्याच्या तळाशी खाली उतरणारा एक काळपट पट्टा. गोलाच्या मागे बरोबर ३ मिलिमीटरवर त्या पट्ट्याची रुंदी घ्यायची. मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढी, चार-पाच मिलिमीटर. दोन्ही डोळे मिळून पाच मिनिटं, किरण नाहीत. अडचण एवढीच की अर्ध्या मिलिमीटरनं अर्थ बदलतो, आणि तेवढा फरक दोन डॉक्टरांच्या हातांतही पडतो.

म्हणून मुलगा ठणठणीत असताना हे माप घेऊन ठेवा. पुढे डोकं दुखेल तेव्हा त्याची तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करण्यापेक्षा त्याच्याच मापाशी करता येईल.

हे मी अनुभवानं शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी शंट असलेली एक सात वर्षांची मुलगी आली होती. स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या इतर मुलांएवढ्याच वाटल्या, म्हणून मी तिला घरी पाठवायला निघाले. तिची आई हलेना. ‘ही अशी गप्प बसणारी पोर नाही,’ एवढंच म्हणत राहिली. जुनी फिल्म मागवून शेजारी लावली तेव्हा दिसलं, ही बरी असताना हिच्या पोकळ्या बारीक चिरेएवढ्या असायच्या. नळी तुंबली होती. त्याच रात्री ऑपरेशन केलं. काही मुलांत तर पोकळ्या वाढतही नाहीत, डोळ्याच्या पडद्यावर सूजही दिसत नाही. त्या आईचं वाक्य मी केसपेपरवर लिहून ठेवलं होतं.

किरणांबद्दल : एका स्कॅनचा धोका फार लहान, पण मुलांत तो साठत जातो, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. झालेल्या सहांचं मनाला लावून घेऊ नका, संशय असताना ते करणं बरोबरच होतं. पुढच्या वेळी कमी डोसचा सीटी किंवा काही मिनिटांत होणारा फास्ट एमआरआय जमेल का, हे विचारा. कानामागचा शंटचा फुगवटा दाबून नळी चालू आहे का बघायची सवय असेल तर सोडा, त्यातून खात्रीचं काही कळत नाही.

सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, जास्तीची झोप, नजर वर न जाणं, तिरळेपणा, चालताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर सोनोग्राफीसाठीही थांबू नका, सरळ न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. जुन्या सहाही स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा. नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, चित्रं लागतात. आणि वरच्या कागदावर ठळक लिहा : बरा असतानाचं डाव्या डोळ्याचं माप, उजव्या डोळ्याचं माप, तारीख.