जागतिक शांतिसैनिक दिन 29 मे असताना कॅनडा 9 ऑगस्ट का पाळतो?

कारण 9 ऑगस्ट 1974 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरचे कॅनडाचे बफेलो विमान सीरियन क्षेपणास्त्रांनी पाडले आणि त्यातले नऊही जण मारले गेले. विमान नेहमीच्या रसद फेरीवर दमास्कसला चालले होते. शांतिकार्यात एकाच दिवशी एवढी माणसे कॅनडाने दुसऱ्या कधी गमावली नाहीत. 29 मे ही तारीख 1948 साली पश्चिम आशियात सुरू झालेल्या पहिल्या मोहिमेची. ती सगळ्या देशांची झाली, 9 ऑगस्ट ही कॅनडाची स्वतःची. 2008 साली कायदा करून दिवस अधिकृत झाला. मात्र सुट्टी नसते, आणि स्मरण फक्त त्या नऊ जणांचे नसून कॅनडाच्या सगळ्या शांतिसैनिकांचे असते.