मला सिस्टर म्हणू नका

सौंदर्योपचाराच्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या परिचारिका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: "वॉर्ड सोडून मी हे काय करत बसलेय?" तो इतक्यांदा ऐकला की त्यातल्या एकीची गोष्ट लिहावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत मी "बसा सिस्टर" म्हणाले, तर त्या लगेच म्हणाल्या, "मला सिस्टर म्हणू नका मॅडम. सिस्टर आयसीयूत असतात. मी बोटॉक्सचा ट्रे लावते."

नऊ वर्षं आयसीयू, मग दोन वर्षं इथे. जुन्या मैत्रिणींचे टोमणे, उडालेली झोप. अशा वेळी "तुमचंही काम महत्त्वाचंच आहे हो" असं म्हणण्यात काही हशील नसतो, म्हणून मी एवढंच विचारलं, "इथे तुम्हाला कसं वाटतं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. "बरं वाटतं. तेच तर खटकतं. रात्री कुणाचा मॉनिटर वाजत नाही. मी पळून आले."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. 1955 च्या सुमारास त्यांनी घालून दिलेली वाट आजही माझ्या उपयोगी पडते: भावना छळत असेल तर तिच्यामागचं वाक्य शोधा. इथे ते वाक्य होतं, 'जीव पिळवटला तरच ती सेवा.' दोन-तीन भेटी आम्ही त्यावरच बोललो. थोडा फरक पडला, पण झोप काही परतली नाही.

चौथ्या भेटीत त्यांनी सहज बोलता बोलता एक प्रसंग सांगितला. ओठ भरीव दिसावेत म्हणून फिलरचं, म्हणजे जेलचं, इंजेक्शन घेतलेल्या बाईंचा संध्याकाळी फोन आला. ओठाच्या वर दुखतंय, पांढरं पडलंय. रिसेप्शनवरून सांगितलं गेलं, सूज आहे, उतरेल. यांनी फोन हातात घेतला. "म्हटलं, तिथे बोटाने दाबा आणि सोडा, रंग कधी येतो बघा. दोन सेकंदांत यायला हवा, येतच नव्हता. रक्तवाहिनी अडली असणार. पेशंटला म्हटलं तडक निघा, डॉक्टरांना बोलावून घेतलं, फिलर विरघळवणारं औषध, हायलुरोनिडेज, काढून ठेवलं. फिलर विरघळला, त्वचा वाचली."

मी त्यांना थांबवलं. "आत्ता काय म्हणालात? चार भेटींत तुम्ही सतत 'क्लायंट' म्हणत होतात. या बाईंना 'पेशंट' म्हणालात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग रडल्या. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. असा एखादा शब्द निसटताना ऐकू यावा म्हणून किती वर्षं कान तयार करावा लागतो, हे या व्यवसायातल्या माणसालाच कळेल.

पण रडणं थांबल्यावर त्या जे बोलल्या, त्याने माझीही समजूत दुरुस्त झाली. "आणि मॅडम, ज्यांना मी पॅकेज विकते त्या कोण?" क्लिनिकने त्यांना महिन्याचं टार्गेट दिलं होतं. एक मुलगी गालावरचा डाग दाखवायची. भिंगाच्या दिव्याखालीही यांना तो दिसला नाही, तरी सहा सिटिंगचं पॅकेज त्यांनी तिच्या गळ्यात मारलं होतं.

नसलेलं किंवा नगण्य व्यंग सतत दिसत राहणं हा मनाचा आजार आहे. शंभरात साधारण दोघांना तो असतो, अशा क्लिनिकमध्ये त्याहून जास्त जणांना. उपचारांनी तिथे समाधान क्वचितच मिळतं. गरज असते ती मानसोपचाराची.

म्हणजे त्यांच्या मनात दोन अपराधी भावना एकमेकींत गुंतल्या होत्या. बरं वाटण्याबद्दलची भावना लोकांकडून उसनी घेतलेली, ती परत करायची. त्या मुलीबद्दलची खरी. ती मी पुसायला गेले असते तर माझ्या हातून अन्यायच झाला असता. तुम्हीही याच कामात असाल तर स्वतःला विचारा: मला लाज कामाची वाटते, की त्या कामात मी गिळलेल्या एखाद्या 'नाही'ची? पहिलीसाठी नोकरी सोडू नका. दुसरी वाटत असेल तर आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला, तेही लेखी.

त्या बोलल्या. टार्गेट मात्र हटलं नाही. तीन महिन्यांनी त्यांनी त्याच क्षेत्रातली दुसरी जागा शोधली. मुलाखतीत पगाराआधी त्यांनी विचारलं, "हायलुरोनिडेज कुठल्या कपाटात असतं, आणि संध्याकाळी पेशंटचा फोन कोण घेतं?"