‘लुई’ हे नाव मूळचे कुठले?

प्रश्न : लुई पाश्चर, लुई ब्रेल यांच्या नावातील ‘लुई’ मूळचे लॅटिन आहे का? रोमन लिपीत शेवटी ‘एस’ असूनही तो का उच्चारत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रेंच भाषा लॅटिनमधून निघाली, म्हणून तिच्यातील नावेही लॅटिन असावीत असे वाटणे साहजिक आहे, परंतु ‘लुई’ हे नाव जर्मानिक, म्हणजे जर्मन, इंग्रजी या भाषांच्या कुळातले आहे. आजच्या फ्रान्समध्ये राज्य स्थापन करणाऱ्या फ्रँक लोकांच्या बोलीत ते ‘ह्लोदोविग’ असे होते. ‘ह्लोद’ म्हणजे ख्यातनाम आणि ‘विग’ म्हणजे लढाई. आरंभीचा तो खरखरीत ‘ह’ लॅटिन लेखकांनी ‘सीएच’ने लिहिला, आणि त्या लेखनातून इ.स. ४८१ ते ५११ या काळातील फ्रँक राजा इतिहासात ‘क्लोव्हिस’ झाला. बोलण्यात मात्र तो ‘ह’ गळून गेला, मधली व्यंजने झिजली आणि ‘लुई’ उरले. म्हणजे क्लोव्हिस आणि चौदावा लुई हे नामबंधूच होत.

यातील ‘ह्लोद’ आपल्या फार जवळचा आहे. संस्कृत आणि युरोपातील बहुतेक भाषा यांच्या समान पूर्वजभाषेतील ‘ऐकणे’ या अर्थाच्या ज्या आदिम धातूपासून तो आला, त्याच धातूचे संस्कृत रूप ‘श्रु’ होय. मूळचा ‘क’ जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला, संस्कृतात ‘श’ झाला आणि ‘ल’च्या जागी ‘र’ आला. ज्याच्याविषयी लोक ऐकतात तो कीर्तिमान, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणूनच सुश्रुत, रावणाचा पिता विश्रवा आणि महाभारतातील भूरिश्रवा ही नावे लुईची दूरची भावंडे ठरतात. इतकेच नव्हे, तर लाउडस्पीकरमधील ‘लाउड’सुद्धा याच घरचा आहे. एका परक्या नावात आपला ‘श्रु’ सापडावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता ‘एस’विषयी. फ्रेंचचा सर्वांत जुना लेखी नमुना मानल्या जाणाऱ्या, ८४२ सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथांत (दोन फ्रँक राजबंधूंनी एकमेकांना दिलेल्या वचनांत) हे नाव कर्ता असताना ‘लोधुविग्स’ असे येते आणि ‘लोधुविगच्या विरुद्ध’ असे म्हणताना तो ‘स’ नाहीसा होतो. तो प्रथमेचा प्रत्यय होता. पुढे फ्रेंचमध्ये विभक्तीची ही पद्धत मोडली आणि शब्दान्तीची बरीच व्यंजने उच्चारातून गेली, तरी लेखनात तो ‘एस’ टिकला. पोर्तुगीजांनी मात्र तो उच्चारातही राखला. गोव्याचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव घेताना आपणही तो उच्चारतोच.