सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला, आता चलान आलं

प्रश्न : भाड्याने चालवण्याची माझी डिझेल पिकअप आहे. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मूळ सायलेन्सर काढून सरळ पाइप बसवला. आवाज प्रचंड वाढला आणि पोलिसांनी चलान फाडलं. ‘पीयूसी आहे, आरसीवर सायलेन्सरची नोंदच नसते, काही होत नाही,’ असं गॅरेजवाला म्हणतो. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. काय करावं?

उत्तर : गॅरेजवाल्याच्या भरवशावर राहू नका. पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. आरसीवर नोंद नसते हे खरं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पुरता (आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करण्यास मनाई) तो मुद्दा मांडताही येईल. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. तिथे हा बचाव टिकत नाही.

चलानवर कलम कोणतं आहे ते आधी वाचा. १८२अ(४) असेल तर तो मालकावरचा गुन्हा : प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९०(२) असेल तर गाडी चालवणाराही अडकतो. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर खरी भीती या अपात्रतेचीच, कारण तेवढे दिवस धंदा बंद. दोन्ही गुन्हे तडजोड शुल्क भरून मिटवता येतात; पण पाइप तसाच ठेवलात तर पुढच्या नाक्यावर नवा गुन्हा लागतो.

म्हणून पासिंगच्या आधी मूळ सायलेन्सर परत बसवा. मात्र तो पाइप काढण्यापूर्वी जोडाचे, वेल्डिंगचे फोटो आणि इंजिन चालू असतानाचा व्हिडिओ घ्या. तो उतरवला की गॅरेजविरुद्धचा पुरावाही गेला. जुना सायलेन्सर भंगारात गेला असेल तर कंपनीचाच नवा घ्या आणि पार्ट नंबर असलेलं पक्कं बिल जपून ठेवा. बसवताना फ्लँजची (पाइपच्या जोडाच्या चकतीची) गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारं पॅकिंग, नवी टाका. जुनी गळत राहिली तर सायलेन्सर मूळचा असूनही फटफट आवाज येतो आणि पासिंगला गाडी अडते. एक्झॉस्ट पाइप डिझेलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये (नियम ११३). सरळ पाइप जोडताना हे अंतर सर्रास विसरलं जातं आणि त्यात आगीचा धोका आहे. गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांची) असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा त्याचे सेन्सर काढलेत का, तेही पाहा. काढले असतील तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही, उत्सर्जनाचाही होतो.

गॅरेजविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘व्यावसायिक वापर आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेप गॅरेजवाले नक्की घेतील. एकच गाडी स्वतः चालवून तुम्ही त्यावर पोट भरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो, एवढं तक्रारीत स्पष्ट लिहा. बिल दिलं नसेल तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद जोडा. हा बदल बेकायदा आहे हे त्यांनी सांगितलं नाही, यावर भर द्या. पाइप तुम्हीच मागून घेतला असेल तर मात्र हा दावा फार कमजोर पडतो.