काकांची 1964 ची स्ट्रॅट: काचेत ठेवू की लेकीला वाजवू देऊ?

पुण्याच्या एका वाचकाचा मेल आलाय. काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी 1964 साली अमेरिकेत 300 डॉलरला फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (म्हणजेच स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार घेतली, आता वय 83, हात थरथरतात म्हणून गिटार पुतण्याला, म्हणजे या वाचकाला, देऊन टाकली. परदेशातल्या एका डीलरने फोटो बघून 12,000 डॉलर सांगितले. पुतण्याला ती हॉलमधे काचेच्या शोकेसमधे ठेवायचीये, सुताराचं कोटेशन 1 लाख 40 हजार. बायको म्हणते विका आणि होमलोनमधे भरा. पंधरा वर्षांची लेक गिटार शिकते, तिला ती वाजवायचीये. लोन 31 लाख बाकी, साडेआठ टक्क्याने. आणि मेलच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की इमर्जन्सी फंड साधारण एक महिन्याच्या खर्चाएवढा आहे.

दादा, मी तर हे शेवटचं वाक्यच तीनदा वाचलं.

आधी आकडे बघू. 300 चे 12,000 म्हणजे 61 वर्षांत 40 पट, ऐकायला भारी वाटतं पण डॉलरमधे वर्षाला जेमतेम 6 टक्के पडतात, अमेरिकन शेअर बाजाराने एवढ्या लांब पल्ल्यात डिव्हिडंड धरून साधारण 10 दिलेत. रुपयात काढलं तर 11 च्या आसपास जातं, कारण काकांनी घेतली तेव्हा डॉलर 4 रुपये 76 पैशांना होता, म्हणजे त्या 11 मधला निम्म्याजवळचा वाटा गिटारीचा नाहीच, रुपया घसरल्याचा आहे. आणि डीलरने सांगितलेला आकडा बहुतेक तो स्वतः गिऱ्हाईकाला विकेल तेव्हाचा असणार, तुमच्या हातात त्यातले 60-65 टक्के आले तरी चांगलं म्हणायचं. मी सात लाखच धरतोय.

आता विकायचं म्हटलं तर भारतात या वस्तूला गिऱ्हाईक किती? मोजके. बाहेर पाठवायची तर अजून एक भानगड आहे. त्या काळच्या फेंडरचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) सहसा ब्राझिलियन रोझवूडचा असतो आणि ते लाकूड 1992 पासून साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणजे परमिटशिवाय सीमा ओलांडता येत नाही. 2019 मधे वाद्यांना जी सूट मिळाली ती बाकीच्या रोझवूडना, आपल्याकडच्या शिसमासकट, ब्राझिलियनला नाही. त्यामुळे "अडचण आली तर विकून टाकू" हा प्लॅन मनातून काढा, अडचण आठवड्यात येते आणि ही विकायला वर्ष लागू शकतं.

बायकोचा मुद्दा चूक नाही हां. सात लाख लोनमधे भरले तर पहिल्या वर्षाचं व्याजच 60 हजारांच्या जवळ वाचतं. हप्ता ओढाताणीचा असता तर मी पण विका म्हटलं असतं. पण तुम्ही लिहिलंय की हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसतो, शिवाय काका हयात आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर विकणं हा पैशांपलीकडचा प्रश्न झाला. म्हणून आत्ता नाही.

मग काचेत ठेवायची का? इथे माझं मत एकदम स्पष्ट आहे, नाही. भाव कशामुळे पडतो ते बघा. 1965 च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी घेतली, त्याच्या आधीच्या गिटारींना जास्त भाव मिळतो आणि तो मिळतो सगळं ओरिजिनल असण्याचा. कोणी हौसेने नवा रंग मारला की किंमत साधारण निम्मी होते. वाजवून झिजलेले फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मानेवरचा उडालेला रंग, हे असं वय दिसणं बाजार बऱ्यापैकी माफ करतो. म्हणजे लेकीच्या बोटांपेक्षा "जरा पॉलिश मारून देतो साहेब" म्हणणारा माणूस जास्त महाग पडेल. शोकेसमधले दिवे आणि खिडकीतलं ऊन रंग उडवतात, स्टँडचं रबर जुन्या लॅकरला चिकटून डाग पाडतं, आणि न वाजवलेल्या गिटारीची आवाज कमी-जास्त करायची बटणं खरखरायला लागतात. आमच्या आजोबांची पेटी वीस वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली अशीच जपली होती, उघडली तेव्हा भात्याला कसर लागलेली आणि निम्मे सूर गंजलेले, दुरुस्तीवाल्याने नुसती मान हलवली.

2019 मधे न्यूयॉर्कला ख्रिस्तीज या लिलाव कंपनीत पिंक फ्लॉइड बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर याच्या गिटारींचा लिलाव झाला. त्याची काळी स्ट्रॅट, जिला त्याने भोकं पाडली, माना बदलल्या, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) बदलले, ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली, आणि त्याच लिलावात 0001 सिरियल नंबरची 1954 ची स्ट्रॅट 18 लाख 15 हजारला. अर्थात तो गिल्मोर आहे, तुम्ही आम्ही भोकं पाडली तर फक्त भोकंच पडतात, पण वाजवल्याने वस्तू भंगार होते हा समज तरी जावा.

आणि गंमत म्हणजे इन्कम टॅक्सचा कायदाही वाजवणाऱ्याच्या बाजूने आहे. घरगुती वापराची चीजवस्तू कॅपिटल अॅसेटमधे, म्हणजे विकल्यावर नफ्यावर कर लागतो अशा मालमत्तेत, धरत नाहीत, दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती वगैरे त्याला अपवाद आहेत, वाद्याचं नाव त्यात नाही. म्हणजे गिटार खरंच घरात वाजत असेल तर उद्या विकल्यावर नफा करमुक्त आहे असं म्हणायला चांगला आधार आहे. गुंतवणूक म्हणून काचेत ठेवलीये असं दिसलं तर अधिकारी नफ्यावर 12.5 टक्के कर मागू शकतो, तेव्हा 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत खरेदी म्हणून दाखवता येते. सीएला एकदा विचारून घ्या, माझ्या भरवशावर रिटर्न भरू नका.

तर करायचं काय. शोकेस रद्द. ते 1 लाख 40 हजार सरळ एफडीत, इमर्जन्सी फंड म्हणून, आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढा होईपर्यंत त्यात भर घालत राहा. गिटार चांगल्या हार्ड केसमधे, सोबत चार-पाचशेचा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र), आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या मधे राहील असं बघायचं, पुण्यात एप्रिल कोरडा आणि जुलै ओलागच्च असतो त्यामुळे दोन्ही टोकं सांभाळावी लागतील. होम इन्शुरन्समधे आपोआप धरली जाईल असं समजू नका, व्हॅल्युएशन सर्टिफिकेट काढून वेगळी लिहून घ्या आणि घराबाहेर नेली तर कव्हर आहे का ते विचारा. लेकीने घरी रोज वाजवावी, कॉलेजच्या गॅदरिंगला मात्र 25-30 हजाराची दुसरी घेऊन द्या. दुरुस्तीत काढलेला एकूण एक स्क्रू पाकिटात नाव घालून जपायचा.

आणि ही गिटार नेटवर्थच्या एक्सेलमधे लिहिलीत ना, ती ओळ डिलीट करा.

राहिलं एकच काम, ते मात्र या रविवारीच. काकांकडे जा, कुठल्या बंदरात घेतली, बोट कुठली, पावती आहे का, बोटीवरचा फोटो आहे का, सगळं त्यांच्याकडून थरथरत्या अक्षरात का होईना लिहून घ्या, सोबत पुतण्याला भेट दिली ही एक ओळ आणि खाली सही. चुलत भावांना पण दाखवून ठेवा. लेकीला बरोबर न्या, गिटार पण न्या.