पलंगाखालची पुस्तकं

"मॅडम, स्वतःच्या पैशाने पुस्तक छापलं, कोणी घेत नाही, मग मी लेखक आहे का नुसता हौशी माणूस?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. मी समुपदेशक आहे, म्हणून एक केस सांगते, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.

फोन आधी त्यांच्या बायकोचा आला. नवरा रात्री दोन-दोनपर्यंत जागा, जेवणात लक्ष नाही, मुलांवर खेकसतो, आणि पीएफमधून पैसे काढून दुसरं पुस्तक छापायचं म्हणतोय. पहिल्याच्या 300 प्रती छापलेल्या त्यातल्या 261 पलंगाखाली, झाडू मारताना रोज तो खोका सरकवावा लागतो असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

गृहस्थ 43 वर्षांचे, भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला. छापून देणाऱ्यांनी 'पॅकेज' म्हणून 72 हजार घेतले, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे लावले, खरंतर तो आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. हे कळल्यावर ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत.

मी विचारलं, पुस्तकात आहे काय? आणि माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला हो. वडील बोअरच्या गाडीवर होते, मराठवाड्यात. हे लहानपणी सुट्टीत सोबत जायचे, रात्रभर मशीन घरघरतंय, तीनशे फूट, चारशे फूट, नुसता फुफाटा वर येतोय, आणि ज्याचं शेत तो माणूस हात बांधून उभा. हे तिथेच मातीच्या ढिगावर पडून आभाळ बघत बसायचे. त्यांच्या कादंबरीत हीच बोअरवाली टोळी मंगळावर जाते, पाणी काढायला. मला तर ऐकतानाच काटा आला.

मग मी वहिनींना विचारलं, तुम्ही वाचलंत का? "नाही. त्यांनी दिलंच नाही वाचायला." मित्रांना? भावाला? कोणालाच नाही! ज्या 39 प्रती गेल्या त्या ऑफिसात आणि लग्नांत भेट म्हणून वाटल्या, पण वाचून सांग असं एकालाही म्हटलं नव्हतं. नाव ठेवतील ही भीती. इथे मला गाठ सापडली, कारण दुखत होतं ते कोणी वाचत नाही याचं, आणि हिशोब मात्र ते विक्रीचा करत बसले होते.

मी त्यांना अँडी वीयरचं सांगितलं, मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी 'द मार्शियन' लिहिणारा. प्रोग्रॅमर माणूस, नोकरी गेली तेव्हा हातात थोडे पैसे होते म्हणून तीन वर्षं फक्त लिहिलं, प्रकाशकाकडे नेणारा एकही एजंट घेईना, परत नोकरीला लागला. लिहिणं सोडलं नाही पण. 2009 पासून 'द मार्शियन'चं एकेक प्रकरण स्वतःच्या वेबसाइटवर फुकट टाकायला लागला, यानाचा मार्ग काढायला स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं, कारण त्याला त्या आकडेमोडीचीच मजा यायची. वाचक थोडे पण पक्के, केमिस्ट्रीवाले चुका कळवायचे आणि हा दुरुस्त करायचा. वाचकांनीच मागितलं म्हणून 2011 मध्ये किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांत, टाकलं, 99 सेंटला, कारण त्याहून कमी किंमत लावताच येत नव्हती. नंतर मोठा प्रकाशक, 2015 ला सिनेमा, ते सगळ्यांना माहितीये. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तो शेवटचा भाग तुमच्या वाट्याला येईल असं मी कबूल करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही. पण नोकरी सांभाळून लिहिणं आणि चूक दाखवणारा वाचक मिळवणं, हे दोन्ही तुमच्या हातात आहे.

"माझं नाव नाही ना मॅडम" म्हणाले. मग नारळीकरांची गोष्ट सांगितली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि आपलं नाव बाजूला ठेवून आधी कथा वाचली जावी असं त्यांना वाटलं, मला हे फार मोलाचं वाटतं.

ठरवलं ते साधंच. पीएफला हात लावायचा नाही, साडेअकराला दिवा बंद, रविवारची सकाळ लिहायची. आणि दोन प्रती दोन माणसांना द्यायच्या, 'चुका काढ' असं सांगून. झोप आणि चिडचिड यावर आम्ही वेगळं काम केलं, सहा-सात सेशन लागले, मधे एकदा त्यांनी येणंच बंद केलेलं.

पहिली प्रत वहिनींनी वाचली. सासरे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, त्या म्हणाल्या आता भेटल्यासारखं वाटलं.

दुसरी, कंपनीतल्या डिप्लोमावाल्या एका पोराला. तो महिन्याने प्रत घेऊन आला, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. कादंबरीच्या शेवटी मंगळावर बोअरला पाणी लागतं, फवारा उडतो आणि सगळे ओंजळी धरतात. तिथे पोराने समासात लिहिलेलं, "सर, मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, पाणी बाहेर आल्या आल्या उकळेल, ओंजळीत राहणारच नाही."

ते पान त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, बोट त्या ओळीखाली.

"मॅडम, बरोबर आहे त्याचं. शेवट बदलावा लागणार."

आणि केवढे खूश होते!